वावरातली फीत

गेल्या पौषातली गोष्ट. चुलतभावाच्या वावरात हुरड्याला गेलो होतो. वडनेर भोलजीचं आमचं शिवार आता कपाशी, सोयाबीन आणि तुरीचं. दादर ज्वारी दिसते ती घरच्या खाण्यापुरती, एखाद्या पट्ट्यात. त्या पट्ट्यावर पाखरांची धाड पडू नये म्हणून भावानं चारी बाजूंनी काठ्या रोवून त्यांवर कॅसेटमधली तपकिरी फीत ताणली होती. ज्यांचं शेतीशी नातं आहे त्यांना ही युक्ती ठाऊक असेल. फीत उन्हात चमकते, वाऱ्यानं थरथरते आणि भुंग्यासारखा बारीक आवाज करत राहते. पाखरं बिचकतात. गोफण नको, राखण्या नको.

हुरडा खाता खाता सहज विचारलं, ‘‘फीत कुठून आणली रे?’’

‘‘घरचीच हाये, दादा. माळ्यावर जुन्या कॅसेटी पडून होत्या. वाजत तं एकही नाही. म्हटलं, पाखरायच्या तरी कामी येतीन.’’

माझ्या हातातलं कणीस हातातच राहिलं. आमच्या घराच्या वाटण्या १९९४ साली झाल्या. भांडीकुंडी, बैल, वावर यांच्या रीतसर चिठ्ठ्या पडल्या. कॅसेटींच्या कोण चिठ्ठ्या टाकतो? ज्या खोलीत ज्या होत्या त्या तिथंच राहिल्या. साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये साधारण नव्वद मीटर फीत असते. मी मनातल्या मनात पट्ट्याचा घेर मोजला. आठ-नऊ कॅसेटी तरी त्या काठ्यांवर टांगलेल्या होत्या. त्यांतल्या काही बाजारच्या भजनांच्या, सिनेमाच्या गाण्यांच्या असणार. त्या गेल्या तरी हरकत नाही, ती गाणी पुन्हा मिळतील. पण आमच्या आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची कॅसेटही याच घरात कुठंतरी होती. ती वाऱ्यावर वाजत होती काय?

वाचकांना सांगितलं पाहिजे की, मला जुन्या ध्वनिमुद्रण यंत्रांचा नाद आहे. घरात आज अशी चौदा यंत्रं आहेत. काही अकोल्याच्या दुरुस्तीवाल्यांकडून आणलेली, काही खामगावच्या भंगारातून किलोच्या भावानं उचललेली, दोन मित्रांनी ‘तुलाच लागतं हे’ म्हणून आणून टाकलेली. आमच्या सौ. म्हणतात, ‘‘बाकीच्यांच्या घरात देवघर असतं, आपल्याकडे टेपघर आहे.’’ निवृत्त मास्तराला असले छंद शोभत नाहीत, असं गावातल्या काहींचं मत आहे. त्या मताचा मी आदर करतो आणि पुढचं यंत्र शोधायला लागतो.

मात्र वावरातल्या त्या फितीनं मला एक प्रश्न विचारला. चौदा यंत्रं जमवलीस, ती कशासाठी? आणि जिच्यासाठी ती यंत्रं होती ती कॅसेट कुठं आहे, हेही तुला सांगता येत नाही?

आमच्या घरातला पहिला टेपरेकॉर्डर १९८४ साली मलकापूरच्या दुकानातून आला. आडवा, एकाच स्पीकरचा, कडीला धरून उचलायचा. वीज असेल तर विजेवर, नसेल तर सहा सेलवर चालायचा. तो घरात आला त्या संध्याकाळी अर्धी आळी ओट्यावर जमली होती. त्या काळी खेड्यात अशा यंत्राला नुसतं ‘टेप’ म्हणत. पुढं दोन कॅसेटींचे, दोन मोठ्या स्पीकरांचे संच आले, त्यांना ‘डेक’ म्हणू लागले. लग्नाच्या याद्यांत डेक आला, पानाच्या ठेल्यावर डेक आला. आमचं गाव महामार्गावर. हल्ली त्या रस्त्याचा क्रमांक ५३ आहे, तेव्हा तो ६ होता. रात्री चहाला थांबलेल्या ट्रकांच्या केबिनमधून गाणी ऐकू येत आणि सकाळी रस्त्याकडेच्या बाभळींवर गुंतून फेकून दिलेल्या फिती लोंबताना दिसत.

१९८६च्या दिवाळीत मी आजीसमोर टेप ठेवला. ती पहाटे जात्यावर बसली होती. मी लाल आणि काळं बटण एकदम दाबलं आणि गप्प बसलो. अर्ध्या तासानं फीत मागं फिरवून तिला तिचाच आवाज ऐकवला. ती क्षणभर थबकली. मग म्हणाली, ‘‘हे डबडं तं माह्यासारखंच बोलते रे पोरा! आता मले कायले ठेवता घरात?’’ सगळे हसले. मीही हसलो. चार वर्षांनी आजी गेली, आणि त्या हसण्याचा अर्थ नंतर कळला.

कॅसेट हे यंत्र मुळात आजीसारख्या माणसांसाठीच जन्माला आलं, असं मला वाटतं. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. ती घडवणारे इंजिनियर लू ओटेन्स यांनी म्हणे आधी कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा करून घेतला होता. यंत्र याहून मोठं होता कामा नये, एवढीच अट. त्याआधी १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं गेलं ते परदेशातून आलेल्या तज्ज्ञानं, परदेशी यंत्रावर. पुढची साठ-सत्तर वर्षं आवाज टिपण्याचा मान नामवंतांचाच होता. कॅसेटनं तो मान आमच्या ओट्यावर आणला. गवई नसलेल्या, नाव नसलेल्या माणसाचाही आवाज त्याच्यामागं उरू लागला.

माझ्या संग्रहातलं सर्वांत देखणं यंत्र मात्र कॅसेटचं नाही. ते मिनीडिस्कचं आहे. हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. सोनी कंपनीनं १९९२ साली हा प्रकार बाजारात आणला. काडेपेटीहून थोडी मोठी, चपटी प्लास्टिकची डबी आणि तिच्यात ६४ मिलिमीटर व्यासाची चकचकीत तबकडी. लेझरचा किरण तबकडीवरचा सूक्ष्म ठिपका सुमारे १८० अंशांपर्यंत तापवतो, दुसऱ्या बाजूचं चुंबक त्या ठिपक्यावर खूण करतं, ठिपका निवला की खूण पक्की होते. कॅसेटची खरखर नाही, फीत गुंतण्याची भीती नाही. हवं ते गाणं बटणासरशी समोर. नको तो भाग कात्रीविना कापा, मागचा पुढं न्या. जागा वाचवण्यासाठी कानाला न जाणवणारे बारकावे गाळून आवाज सुमारे एक पंचमांश आकारात बसवलेला. हे सगळं त्या काळी नवलाचं होतं. त्याच वर्षी फिलिप्स आणि मात्सुशिता यांनी डिजिटल कॅसेट आणली होती. ती १९९६ साली गाशा गुंडाळून गेली. मिनीडिस्क टिकली. जपानात घरोघर गेली, इतरत्र रेडिओचे वार्ताहर आणि गाणारे-वाजवणारे तिच्यावर खूश होते.

आमच्याकडे ती २००१ साली आली. जपानात नोकरीला असलेल्या मावसभावानं परतताना डेक आणला. तिकडचं यंत्र १०० व्होल्टचं, इकडची वीज २३० व्होल्टची. अकोल्याहून खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा लागला. घरगुती डेकला मायक्रोफोनची जागा नव्हती, म्हणून भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर मध्ये जोडला. तबकडीला नाव देण्याची सोय होती, पण ती रोमन अक्षरांत नाहीतर जपानी लिपीत. देवनागरीत नाही. तरी आवाज असा काही लख्ख होता की, आता कॅसेटींचे दिवस संपले, असं मी चारचौघांत ठासून सांगू लागलो.

२००५ च्या मे महिन्यात मी आईला त्या डेकसमोर बसवलं. तिचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या घरात. जातं बंद होऊन जमाना झाला होता, पण माझ्या आग्रहाखातर तिनं मूठभर ज्वारी घातली आणि खुंटा धरला. हात फिरू लागला तशा ओव्या येऊ लागल्या. दीड तास ती म्हणत होती. माहेरच्या वाटेच्या, भावाच्या, आणि माझ्या एका बहिणीच्या. ही बहीण लहानपणीच गेली होती. तिच्याविषयी आई आमच्यासमोर कधीच बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, तीही जात्याशी.

मी बटण दाबून यंत्र थांबवलं. तबकडी आतच राहू दिली आणि आम्ही चहा घेतला. ते भारनियमनाचे दिवस होते. चहा संपायच्या आत वीज गेली.

मिनीडिस्कच्या डेकची एक रीत असते. आवाज तबकडीवर टिपला जातो, पण कुठं काय आहे याची अनुक्रमणिका यंत्र आपल्या स्मरणात ठेवतं आणि तबकडी बाहेर काढताना किंवा यंत्र रीतसर बंद करताना ती लिहितं. त्याआधी वीज गेली तर अनुक्रमणिका लिहायची राहते. पुस्तक पूर्ण छापलंय, पण अनुक्रमणिका नाही म्हणून ग्रंथपाल ते कोरं समजतो, तसं होतं. संध्याकाळी वीज आली तेव्हा यंत्राच्या लेखी ती तबकडी कोरी होती.

दोष विजेचा, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होतो. खरं म्हणजे माहितीचं पुस्तक मी नीट वाचलं नव्हतं. त्याहून वाईट गोष्ट पुढं घडली. तबकडी कोरीच आहे म्हणून गणपतीत मी तिच्यावर आरत्या उतरवल्या. आवाज तबकडीवर शाबूत असतो, दुसऱ्या तबकडीची अनुक्रमणिका तिच्यावर चढवून तो परत मिळवता येतो, ही जाणकारांची युक्ती मला काही वर्षांनी कळली. तोवर आईच्या ओव्यांवर टाळ वाजून गेले होते.

आईला मी घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणाली, ‘‘गेलं तं गेलं. उद्या पुन्हा म्हणतो.’’ दुसऱ्या दिवशी ती खरंच बसली. या वेळी मी १९८४चा तो जुना टेप काढला, त्यात सहा सेल घातले. आईनं तासभर म्हटल्या. पण ओवी ही पाठ केलेली कविता नव्हे. ती हाताच्या फेऱ्याबरोबर उगवते. काल उगवली ती आज उगवेलच असं नाही. भावाच्या ओव्या आल्या, माहेरच्या आल्या, बहिणीच्या आल्या नाहीत. पुन्हा म्हण, असं सांगायची मला छाती झाली नाही.

आज मिनीडिस्कच्या यंत्रांना जगभरात हौशी गिऱ्हाईक आहे. सोनीनं शेवटची मिनीडिस्क यंत्रं २०१३ च्या मार्चमध्ये बाजारात धाडली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या तबकड्या काढणंही थांबवलं. वस्तू संपली की तिचं मोल वाढतं. १९९२ चं पहिलं फिरतं यंत्र कुणाकडे आहे, कुठल्या डेकचा आवाज अधिक गोड, सुधारित चिप कोणत्या सालापासून आली, यावर संग्राहक तावातावानं वाद घालतात. २००६ साली आलेल्या शेवटच्या छोट्या यंत्राला फार मागणी असते, आणि तिचं कारण रास्त आहे. जुन्या तबकडीवरचा आवाज थेट संगणकात उतरवण्याची सोय कंपनीनं त्यात दिली होती.

अशी तुलना मीही हौसेनं करतो. पण वय वाढलं तशी माझी कसोटी एकच उरली. या यंत्रानं माझ्या माणसाचा आवाज परत दिला का? या कसोटीवर माझा देखणा डेक नापास झाला आणि सहा सेलवरचं डबडं पास झालं. त्याचा आवाज पातळ आहे, मागं सारखी खरखर आहे. पण वीज गेली तरी त्यानं टिपलं आणि आजही ते वाजतं.

यात आणखी एक मर्म आहे, ते दुरुस्तीवाल्यांना ठाऊक असतं. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच यंत्रावर ती सर्वांत स्वच्छ वाजते. फितीला टेकणारं हेड प्रत्येक यंत्रात केसभर वेगळ्या कोनात बसलेलं असतं. कोन चुकला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून तो जुळवता येतो, पण घरच्या यंत्राचा कोन घरच्या कॅसेटशी आपसूक जुळलेला असतो. म्हणजे घरातला जुना टेप ही अडगळ नव्हे, घरातल्या कॅसेटींच्या कुलपाची ती किल्ली आहे. आपण किल्ली भंगारात देतो आणि मग कुलूप उघडत नाही म्हणून पेटी फेकतो. माझ्या भावानं तेच केलं. ‘वाजत नाहीत’ असं तो म्हणाला, ते कॅसेटींविषयी. मला खात्री आहे, वाजत नव्हता तो त्याचा डेक. आतला रबरी पट्टा वितळला असेल. तो बदलायला फार तर एक दुपार लागते.

कुणी म्हणेल, आता हे सगळं कशाला? प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, हवं तेवढं टिपा. मान्य. माझी नातही टिपते. पण फोन भरला की पहिली गदा त्याच टिपणांवर येते. फोन बदलला की जुन्यातलं नव्यात येईलच याची हमी नाही. आणि मिनीडिस्कची गोष्ट विसरू नका. ‘कायमचं’ म्हणून आलेलं यंत्र एकवीस वर्षांत बाजारातून गेलं. आमच्या घरातल्या जात्यानं चार पिढ्या पाहिल्या. नवं ते टिकाऊ, हा भ्रम मी दीड तासाच्या ओव्या देऊन विकत घेतला आहे.

जपणारे लोक आहेत. मुंबईत १९९० साली डॉ. सुरेश चांदवणकर आणि इतर रसिकांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी केली. जुन्या तबकड्या नुसत्या न साठवता त्या ऐकवायच्या आणि त्यांच्यावर लिहायचं, हा तिचा परिपाठ. पुण्याच्या परिसरात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. ते भांडार आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं इंटरनेटवर खुलं केलं आहे. ते ऐकताना वाटतं, मुळशी-मावळातल्या बायांचा आवाज उरला, आमच्या नांदुरा तालुक्यातल्या बायांचा कुठं आहे? तो आहे घराघरांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत, बुरशी धरलेल्या कॅसेटींत. तिथून पुढं तो वावरात जातो.

म्हणून माझं संग्राहकांना एक सांगणं आहे आणि घरच्या मंडळींना एक. संग्राहक बंधूंनो, कपाटात मांडलेलं आणि न वाजणारं यंत्र म्हणजे फक्त पेटी. दोन यंत्रं कमी ठेवा, पण आहेत ती चालती ठेवा, आणि गावातल्या लोकांच्या कॅसेटी त्यांच्यावर उतरवून द्या. एवढं केलंत तर छंदाला कुणी वेड म्हणणार नाही. घरच्या मंडळींनो, कॅसेट सापडली की ती घाईनं मिळेल त्या यंत्रात घालू नका. आधी जाणत्याकडून रबरी पट्टा आणि रोलर तपासून घ्या, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. कॅसेटवर बुरशी दिसली तर ती वाजवूच नका, जाणकाराला दाखवा. मग एकदाच, शांतपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून संगणकात उतरवा. कोण बोलतंय, कुठं, कोणत्या साली, हे देवनागरीत लिहून ठेवा. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि मूळ कॅसेट फेकू नका. आपल्याकडे तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असतं. तिथं वर्तमानपत्रांच्या शेजारी एक चालता कॅसेट डेक ठेवायला काय हरकत आहे? पुस्तकं जपणाऱ्यांनी आवाज परका का मानावा?

त्या हुरड्याच्या दिवशी मी भावाबरोबर त्याच्या माळ्यावर चढलो. फीत काढून घेतलेल्या नऊ रिकाम्या डब्या निघाल्या. पाचांवर बाजारची छापील चित्रं होती. चारांवर काहीच नव्हतं. चिठ्ठ्या कधीच्या गळून पडल्या होत्या. शेजारच्या डब्यात सात कॅसेटी शाबूत सापडल्या. एकीवर निळ्या शाईत माझंच अक्षर होतं, ‘आजी, दिवाळी ८६’.

ती मी घरी आणून जुन्या टेपवर लावली. आधी नुसती घरघर, मग काकणांची किणकिण, मग आजी. फितीच्या शेवटी आमचं सगळ्यांचं हसणंही आहे. आजीला तिचा आवाज ऐकवल्यावर मी बहुधा पुन्हा तेच लाल-काळं बटण दाबलं होतं, ते आठवत नाही. ‘मले कायले ठेवता घरात’ हे तिचं वाक्य त्यात आलं आहे. नातीनं ते तीनदा ऐकलं.

बिनचिठ्ठीच्या त्या चार डब्यांतली फीत मात्र कुणाची होती, हे आता कधीच कळणार नाही. भाऊ म्हणाला, ‘‘दादा, काढून टाकू काय ती?’’ मी नको म्हटलं. काढून आता उपयोग नव्हता. उन्हापावसात तिचा भुगा झाला होता. परत निघालो तेव्हा वारा सुटला होता आणि फीत वाजत होती. नीट कान दिला. काही लागलं नाही.

आज रविवार आहे. माळ्यावर एकदा चढून या.